प्रश्न कोणाचा

“नाव झालं, जन्म झाला, नोकरी झाली.” खारूताईने वहीत पेन्सिलीने खुणा केल्या आणि डब्यातली पुढची चिठ्ठी उलगडली. “आता हा. आजोबा, तुम्ही बदलीहून परत का आलात?”

आजोबा चष्मा पुसत होते. ते पुसतच राहिले.

“हा प्रश्न कोणी दिला?”

“ते सांगायचं नसतं. बाईंचा नियम आहे.”

“चिठ्ठी बघू.”

तिने बिनदिक्कत चिठ्ठी पुढे केली. अक्षर तिचंच होतं. घरातल्या प्रत्येकाकडून आजोबांसाठी एकेक प्रश्न घ्यायचा, तो आपल्या हाताने उतरवायचा आणि मग सगळ्या चिठ्ठ्या डब्यात मिसळून टाकायच्या, हाही बाईंचाच नियम. त्या कधी न पाहिलेल्या बाईंचा आजोबांना राग आला. बाई पक्क्या दिसत होत्या.

“लिही, वरून हुकूम आला म्हणून परत आलो.”

खारूताईने लिहिलं नाही. दहा वर्षांची पोर. पुढचे दोन दात मोठे आणि गालात सदा काही ना काही कोंबलेलं, म्हणून तिचं हे नाव पडलं होतं. पण त्या क्षणी तिने आजोबांकडे जसं पाहिलं, तसं आजवर फक्त आजोबांनी दुकानदारांकडे पाहिलं होतं.

“बाई म्हणतात, उत्तर पटलं नाही तर लिहायचं नाही. आपण विचारलं, एवढंच लिहायचं.” ती डबा बगलेत मारून उठली. “तुम्ही विचार करा. शनिवारी वाचायचंय.”

आजोबांची सगळी नोकरी दुकानांतले वजनकाटे तपासण्यात गेली होती. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोखरलेलं वजन, काट्यावर हळूच टेकलेली करंगळी, सगळं त्यांनी पकडलं होतं. संशय घेण्याचाच त्यांना पगार मिळे. निवृत्तीनंतर पगार अर्धा झाला, संशय मात्र पुरताच राहिला. इंग्रजी त्यांना कचेरीपुरतं येई, म्हणजे ‘पास’, ‘फेल’ आणि जप्तीचं ‘सीझ’. त्यापलीकडचं इंग्रजी कोणी बोलू लागलं की ते मान डोलवत आणि विषय बदलायची वाट पाहत. आणि आता त्यांचं स्वतःचं चरित्र इंग्रजीतच लिहिलं जात होतं. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी प्रत्येक मुलाला घरातला एक माणूस निवडायला सांगितला होता. त्याला प्रश्न विचारायचे, उत्तरं काळाप्रमाणे लावायची, छोट्या छोट्या वाक्यांत त्याचं आयुष्य लिहायचं आणि पालकांसमोर वाचायचं. खारूताईने आजोबांना निवडलं, तेव्हा ते दोन दिवस गल्लीभर सांगत फिरले होते.

आता त्यांना ते नकोसं झालं. बदलीवर गेलेला माणूस हुकूम आला की परत येतो. त्यात ‘का’ कसला? ‘का’ विचारणाऱ्याला ठाऊक होतं, की ती बदली वरून आलेलीच नव्हती. ती आजोबांनी अर्ज करून मागून घेतली होती. अंथरुणाला खिळलेली आई, रात्ररात्र रडणारा दोन वर्षांचा मुलगा आणि दमून गप्प झालेली बायको, एवढं मागे टाकून ते अडीच वर्षं दूरच्या गावी एका भाड्याच्या खोलीत जाऊन राहिले होते. पगार वेळेवर पाठवत, पण सुट्टी मिळाली तरी घरी येत नसत. त्या खोलीत त्यांची वाट पाहणारं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना तिथे फार बरं वाटलं होतं. घरात सगळ्यांना ‘बदली’ एवढंच माहीत होतं. बायकोला खरं काय ते कळलं होतं, पण ती गेली तीही एक शब्द न बोलता, असं आजोबा धरून चालले होते.

मग आता कोण उकरून काढत होतं?

त्यांचा संशय सुनेवर गेला. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि थेंबभर रक्तावरून माणसाच्या खोड्या ओळखी. एका घरात दोन तपासनीस म्हटल्यावर व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आजोबांनी लेकी बोले सुने लागे असा सूर लावला.

“खारूताई, काही माणसांना दुसऱ्याच्या घरातली जळमटं काढायची भारी हौस असते बरं का.”

“कुठल्या माणसांना?” खारूताईने विचारलं.

सुनेने कप खाली ठेवला. “बाबा, मला बोलताय ना? मग माझ्याकडे बघून बोला.”

“मी कोणाचं नाव घेतलंय?”

“मला काही विचारायचं असलं तर मी तोंडावर विचारते. माझी चिठ्ठी तर तुम्ही परवाच वाचलीत. रोजच्या जेवणात काय आवडत नाही, असं विचारलं होतं मी. तुम्ही ‘सगळं चालतं’ म्हणून सांगितलंत.” ती उठली. “चालतं! शनिवारी मी येणार नाही. तुम्ही तुमच्या मुलाला घेऊन जा.”

ती गेल्यावर आजोबांना वाटलं, ही इतकी चिडली म्हणजे हिचंच काम असणार. मग वाटलं, खोटा माणूस इतका मनापासून चिडत नाही. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंनी विचार करून त्यांचं डोकं दुखायला लागलं. शेवटी चप्पल घालून ते शाळेत गेले.

वर्ग सुटला होता. बाई खुर्चीवर चढून दोरी बांधत होत्या. दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी रंगीत कागद अडकवले होते, प्रत्येकावर एकेक इंग्रजी वाक्य. बाई अगदीच तरुण निघाल्या. आजोबांनी घरून जुळवून आणलेली अर्धी वाक्यं तिथेच बाद झाली.

“खारूताईचे आजोबा ना?” त्या खाली उतरल्या. “ही बघा, तुमचीच दोरी. आधी असं वर्षांच्या क्रमाने टांगून बघतो आम्ही, मग लिहितो. नाहीतर मुलं मधूनच सुरुवात करतात.”

आजोबांनी दोरी पाहिली. दोन कागदांच्या मध्ये वीतभर जागा रिकामी होती. तिथे नुसताच एक चिमटा लावलेला होता.

“तो प्रश्न कोणी दिला, बाई?”

“मला माहीत नाही. मीही विचारत नाही.”

“असला कसला नियम?”

“घरात काही माणसांना विचारता येत नाही, आजोबा. मुलांच्या तोंडून ते सोपं जातं.” त्या चिमट्यांचा डबा बंद करत म्हणाल्या, “आणि माझा स्वार्थ असा, की नेहमीचा निबंध दिला तर मुलं एकमेकांचा उतरवून काढतात. घरातली गोष्ट असली की तिच्यासाठी शब्द शोधत माझ्या मागे लागतात. तुमच्या नातीने आज तीन वेळा येऊन विचारलं, ‘गप्प बसले’ला काय म्हणायचं.”

“आणि घरातलं चव्हाट्यावर येतं त्याचं काय?”

“इंग्रजीत येतं. निम्म्या घरांना कळतही नाही.” त्या हसल्या, पण आजोबांचा चेहरा पाहून थांबल्या. “तुम्हाला नको असेल तर तेवढं गाळायला सांगते तिला. फक्त का गाळायचं, ते तिला तुम्ही सांगा.”

ते काही आजोबांना सांगता आलं नाही. शनिवारपर्यंत ते घरात पाहुण्यासारखे वावरले. सूनही कामापुरतंच बोलली. मुलाचं बोलणं एरवीही तेवढंच असे. तो दिवसभर परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर इंग्रजीत गोड गोड बोलायचा, आणि घरी येईपर्यंत त्याच्याजवळचे शब्द संपलेले असायचे. शनिवारी त्याने अर्धी रजा काढली आणि आजोबांना घेऊन शाळेत आला.

वर्गात खुर्च्यांच्या ओळी मांडल्या होत्या. खारूताईचा नंबर आला तेव्हा आजोबा खुर्चीत पुढे सरकले. ही पोर आपल्याकडे आता कोणत्या नजरेने बघणार, एवढंच त्यांच्या मनात होतं. तिने कागद छातीशी धरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“काय म्हणते?” आजोबांनी मुलाला कोपराने ढोसलं.

मुलगा त्यांच्याकडे झुकून कुजबुजू लागला. “म्हणते, माझे आजोबा दुकानातले काटे तपासत. सगळे दुकानदार त्यांना घाबरत.” थोड्या वेळाने, “म्हणते, आजोबा फक्त पालीला घाबरतात.”

वर्ग हसला. आजोबाही हसले. आपण उगाच धास्ती घेतली, असंही त्यांना क्षणभर वाटलं.

“म्हणते, माझे बाबा लहान होते तेव्हा आजोबा दुसऱ्या गावी राहत. मी त्यांना विचारलं...”

मुलगा थांबला. खारूताई वाचत होती. वर्गात आता कोणी हसत नव्हतं. पुढच्या ओळीतल्या कोणाच्या तरी आईने मागे वळून आजोबांकडे पाहिलं.

“काय विचारलं म्हणते?”

“काही नाही. आता निवृत्तीचं चाललंय.”

आजोबांनी वळून पाहिलं. मुलगा खाली बघत होता. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरलेले, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. चाळिशीला आलेला माणूस, पण बसला होता शिक्षा झालेल्या पोरासारखा. आजोबा सुनेवर घसरले होते, बाईंकडे जाब विचारायला गेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जो कधी काही विचारतच नाही, त्याचा संशय कोण घेणार? याला कोणी सांगितलं, कधी सांगितलं, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते विचारलं नाही. एवढी वर्षं हा माणूस समोरच्या खोलीत हे घेऊन झोपत होता, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

“मी परत आलोच नव्हतो,” ते हळूच म्हणाले.

“म्हणजे?”

“ट्रंक न्यायला आलो होतो. थंडीचे कपडे होते तिच्यात. संध्याकाळच्या गाडीने पुन्हा जायचं ठरवलं होतं. दार तू उघडलंस. कडीला हात पुरत नव्हता, म्हणून स्टुलावर चढला होतास. माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, ‘कोण पाहिजे?’”

मुलगा आता त्यांच्याकडे बघत होता.

“मला आठवत नाही.”

“कसं आठवेल?”

खारूताईचं वाचन संपलं. टाळ्या सुरू झाल्या. तिने मान उंच करून खुर्च्यांमध्ये आपली माणसं शोधली. त्या दोघांच्या टाळ्या वाजवायच्या राहूनच गेल्या होत्या.

“मग तुम्ही काय म्हणालात?” मुलाने विचारलं.

“काही सुचलं नाही. अनोळखी माणूस बोलला नाही तर दार लावून घ्यायचं, असं तुला शिकवलेलं असणार. तू लावायला लागलास,” आजोबा म्हणाले. “म्हणून मी पाय आत घातला.”