धर्मशाळेचा अडसर

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. बाहेरून कुणी दार ठोठावते आहे आणि तुम्हाला फक्त घट्ट राहता येते. तसा मी. मी एक जुना अडसर आहे, पनवेलच्या एका धर्मशाळेच्या दाराला आतून आडवा लावायचा लाकडी दांडा.

मी मूळचा खैर. बुधाजी कातकऱ्याने मला रानातून तोडून, तासून आणले. धर्मशाळेचा राखणदार काशीराम. त्याला बुधाजी म्हणाला, "भाऊ, वाघ आला तरी नाय मोडायचा." मला फार अभिमान वाटला. घाटावर जाणारे कितीतरी वाटसरू माझ्या भरवशावर निर्धास्त झोपले.

मग एक चोरी झाली. चोर सापडला नाही, पण मालकांनी हुकूम काढला: कातकऱ्यांची जातच चोर, त्यांना आत घ्यायचे नाही. बाहेरही थारा नव्हता. दिवेलागणीनंतर उघड्यावर दिसलेल्या कातकऱ्याला हवालदार धरून नेई. घर नाही, हाच त्याचा गुन्हा.

एका थंडीत म्हातारा बुधाजी कुडकुडत आला आणि तळहाताने दार थापटत राहिला. काशीराम आत मान खाली घालून बसला. मी हललो नाही. मग हवालदाराचा आवाज आला, "काय रे, राजवाडा कुठाय तुझा? चल, सरकारी वाड्यात!"

बुधाजी कोठडीतून परत आला नाही. ती थाप मात्र माझ्यातच राहिली. वारा नसतानाही मी थरथरतो. लोक म्हणतात, लाकूड जुने झाले.

पुढच्या वर्षी एका संध्याकाळी पुन्हा तशीच थाप पडली.

"काशीरामभाऊ, मी मैना, बुधाजीची लेक. पोर तापलाय माझा. कोपऱ्यात पडू दे."

"जा बाय. तुला आत घेतली तर उद्या मीच पोरीला घेऊन रस्त्यावर येईन."

"जाऊ कुठं? हवालदार नाक्यावर उभा हाय."

काशीरामची मुलगी वेणू ऐकत होती. तिने दोन्ही हातांनी मला काढले आणि दार उघडले. "बा, घे ना तिला."

"वेणू, अडसर लाव आधी!"

मित्रांनो, अडसर आपणहून लागत नाही. माझे एवढेच मागणे आहे: मला हात लावण्याआधी दारापलीकडे कोण उभे आहे, ते पाहत जा.

वेणूने मला काशीरामच्या हातात दिले. ती उंबरा ओलांडून बाहेर गेली, मैनाला खेटून पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता लाव."