बिल भरायचे अकरा रस्ते

माझ्या नवऱ्याकडे घरचं इंटरनेट आणि केबलचं बिल भरायचे अकरा रस्ते आहेत. अकराच्या अकरा त्याच्या फोनमध्ये आहेत आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. बिल आलं की तो ते भरत नाही. आधी सोफ्यावर मांडी ठोकून बसतो आणि कुठल्या रस्त्याने भरलं तर किती परत मिळेल याचा अभ्यास करतो. निळ्यावर पाच टक्के, पण त्यासाठी पैसे जांभळ्यातून निळ्यात आणायला हवेत, आणि जांभळ्याची सूट फक्त शुक्रवारी. मग शुक्रवारपर्यंत थांबायचं. शेवटी पडद्यावर नाण्यांचा पाऊस पडतो, चौदा रुपये परत येतात आणि हा माणूस गड जिंकल्यासारखा पाणी पितो. नोकरी विमा कंपनीत. लोकांनी भरलेले फॉर्म बारकाईने तपासायचे, त्याचा पगार मिळतो त्याला.

मी हे हसत सांगतेय असं वाटेल, पण मला हसू येत नाही. मी बारा वर्षं एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात होते. डॉक्टरांचं अक्षर लावायचं आणि रिपोर्ट नीट लिहून काढायचे हे माझं काम. सगळं संगणकावर गेलं तेव्हा आम्हा चौघींना घरी पाठवलं. त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी चपलेपासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत प्रत्येक गोष्टीचे पैसे नवऱ्याकडे मागते. तो नाही म्हणत नाही, तेवढी धमकही त्याच्यात नाही. फोनवरून पाठवतो आणि सोबत एक ओळ लिहितो, 'कूपन विचारलंस का?' चपलांच्या दुकानात, पुढ्यात चार जोड उघडे पडलेले असताना ती ओळ वाचायची आणि दुकानदाराकडे बघून हसायचं. तो अपमान मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

म्हणून एका नव्या कामासाठीच्या, बुधवारी सकाळी अकरा वाजताच्या परीक्षेवर माझा सगळा जीव टांगला होता. काम घरबसल्या होतं. डॉक्टर बोलून ठेवतात ते रिपोर्ट ऐकायचे आणि टाइप करायचे, रोज चार तास, पगार थेट माझ्या खात्यात. परीक्षा दीड तासाची. कॅमेरा चालू, दार बंद, खोलीत दुसरं माणूस नको. मध्येच इंटरनेट तुटलं की बाद, आणि पुन्हा अर्ज सहा महिन्यांनी. फोनच्या इंटरनेटवर हे निभणार नव्हतं. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे चार महिन्यांपूर्वी आम्ही या तळमजल्यावर राहायला आलो. मागच्या अंगाचं घर, साधा फोन लावायचा तरी खिडकीतून डोकं बाहेर काढावं लागतं.

नव्या घराच्या जोडणीचे पहिले तीन महिने आगाऊ दिलेले होते, त्यामुळे या घराचं पहिलं बिल आत्ताच आलं होतं. मी नवऱ्याला तीनदा आठवण केली. तिन्ही वेळा त्याने फोनवरून मान वर न करता, "भरलंय गं," एवढंच म्हटलं. तिसऱ्या वेळी सासूबाई मध्ये पडल्या. जागेवरून न उठता सगळं घर चालवतो माझा लेक, असं त्या म्हणाल्या. जागेवरून उठत नाही एवढं खरं होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

बुधवारी सकाळी पावणेनऊला सासूबाईंचा टीव्ही बंद पडला. पडद्यावर पाटी आली की बिल न भरल्यामुळे सेवा थांबवली आहे. कोपऱ्यातल्या डबीवर लाल दिवा लागला होता. माझ्या परीक्षेला सव्वादोन तास उरले होते. सासूबाईंनाही धक्का बसला, पण त्यांच्या मालिकेतल्या सुनेला त्याच दिवशी घराबाहेर काढणार होते म्हणून.

नवरा डबा पिशवीत घालत होता. त्याने शांतपणे फोन काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. हिरवी खूण होती, तारीख होती, रक्कम होती. मग चूक कंपनीची आहे, असा निकाल त्याने दिला. उभ्या उभ्या कंपनीला तक्रारही लिहिली. पलीकडून यंत्राने उत्तर दिलं की तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे, आणि पुढे एक हसरा चेहरा. माझ्या नवऱ्याला ते पटलं. होईल चालू, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस, असं मला सांगून तो नऊच्या बसला निघून गेला. परीक्षेचं त्याला माहीत नव्हतं असं नाही. आदल्या दिवशीच मी त्याला दार बंद ठेवायचं समजावून सांगितलं होतं.

मी खिडकीत डोकं घालून कंपनीला फोन लावला. बिल भरण्यासाठी एक दाबा, नवीन योजनेसाठी दोन दाबा. बिल भरूनही अंधारात बसलेल्या माणसाने काय दाबायचं ते फोनमधल्या ध्वनिमुद्रित बाईने सांगितलं नाही. अकरा मिनिटं मी त्यांचं संगीत ऐकलं. मग बहिणीकडून मागून आणलेला लॅपटॉप पिशवीत टाकला, डाळीच्या डब्यामागे लपवलेले माझे पैसे घेतले आणि कंपनीच्या ऑफिसकडे चालत सुटले.

ऑफिसच्या दाराशी बिल भरायचं यंत्र होतं. त्यावर 'रांग टाळा' असं लिहिलं होतं आणि त्याच्यासमोर रांग होती, कारण एका गृहस्थाची नोट ते पुन्हा पुन्हा बाहेर ओकत होतं. आत काउंटर एकच. तिथे माझ्यापुढे सहा जण, सगळे साठीच्या पुढचे, हातात घडी घातलेलं जुनं बिल आणि मोजलेले पैसे. अशा लोकांची माझा नवरा टिंगल करतो. त्या सहाही जणांच्या घरी त्या क्षणी टीव्ही चालू होता.

काउंटरवरच्या बाईंना मी हिरव्या खुणेचा फोटो दाखवला. नवरा निघताना मी तेवढा त्याच्याकडून मागून घेतला होता. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि फार तर अर्ध्या मिनिटात सगळं सांगितलं.

"पैसे आलेत. पण तुमच्या घरावर नाही आलेत. मिस्टरांच्या नावावर दोन जोडण्या आहेत."

पडदा त्यांनी माझ्याकडे वळवला. वरचा पत्ता तळमजल्याचा, थकबाकी. खालचा पत्ता आमच्या जुन्या भाड्याच्या घराचा, तिसरा मजला. तो चार महिने वेळेच्या आधी भरलेला. घर सोडताना ती जोडणी बंद करायला मी सांगितलं होतं, आणि केलीय गं, असं मला उत्तर मिळालं होतं. फोनमध्ये जुन्या जोडणीचा नंबर साठवलेला, त्यावर दर महिन्याला आठवण यायची, आणि हा गडी न वाचता भरत होता. तीन महिने आगाऊ दिलेत तर हे बिल कुठलं, असा प्रश्नसुद्धा त्याला पडला नाही. इकडच्या थकबाकीचे चार निरोप त्याच्या फोनवर गेले होते. ते त्याने बंद करून ठेवले असणार, कारण त्यांतून कूपन येत नाहीत. वर गेल्याच महिन्यात त्याने त्या जुन्या घराला सगळ्यात वेगवान योजना घेतली होती. त्यावर सूट होती म्हणे.

मी डाळीच्या डब्यामागचे पैसे काउंटरवर ठेवले. बाईंनी मोजले, शिक्का मारला, पावती दिली. जोडणी सुरू व्हायला चार ते चोवीस तास लागतील, ते आपल्या हातात नाही, असं त्या मनापासून वाईट वाटून म्हणाल्या. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून आठ मिनिटं झाली होती.

"आणि खालची?" मी विचारलं. "ती चालू आहे?"

"ती अगदी सुसाट आहे, मॅडम."

जुन्या घरापर्यंत मी अर्धी पळाले आणि अर्धी चालले. वाटेत मनातल्या मनात नवऱ्याला जे काही म्हटलं ते कागदावर उतरवण्याजोगं नाही. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका बाईने. केस ओले, खांद्यावर टॉवेल. मी धापा टाकत सगळं एका दमात सांगितलं. आम्ही इथे राहत होतो, तुमच्या घरातलं इंटरनेट माझा नवरा चुकून भरतोय, मला ते दीड तास हवंय आणि एक बंद दार हवंय.

तिने मला आपादमस्तक पाहून घेतलं. "असं कसं? घरमालक तर म्हणाले इंटरनेट भाड्यातच आहे. त्याचे दर महिन्याला वेगळे घेतात माझ्याकडून."

हा तोच घरमालक, ज्याने भिंतीतल्या खिळ्यांची भोकं मोजून आमच्या अनामतीतून पैसे कापले होते. माझ्या नवऱ्याच्या पैशाने चाललेलं इंटरनेट तो या बाईला विकत होता. मी पिशवीतून पावती काढली. काउंटरवरच्या बाईंनी तिच्या पाठीमागे पेनाने दोन्ही जोडण्यांचे नंबर आणि पत्ते लिहून दिले होते. तिने ते नीट वाचले, मग माझ्या घामेजलेल्या तोंडाकडे बघितलं आणि बाजूला झाली. तिची आठवड्याची सुट्टी होती. चष्म्याच्या दुकानात कामाला होती ती, आणि एकटीच राहत होती. पाण्याचा तांब्या मला देऊन तिने आतली खोली उघडली आणि दीड तास त्या बाईने घरात भांडंसुद्धा वाजू दिलं नाही.

डॉक्टर फार भरभर बोलत होते आणि एकाला सर्दी झालेली होती. मला शब्द न् शब्द कळला. बारा वर्षं ज्यांचं अक्षर वाचलं त्यांचा आवाज काय मला अडणार होता? शेवटचा रिपोर्ट पाठवला आणि लॅपटॉप मिटला. मग मी त्या परक्या बाईच्या पलंगावर बसून रडले. बऱ्याच दिवसांचं साचलेलं होतं.

संध्याकाळी घरी टीव्ही चालू होता. नवरा सोफ्यावर होता. बघ, झालं की नाही चालू, मी म्हटलंच होतं, असं तो म्हणाला. सासूबाईंनीही, तू उगाच धावतेस, असं मला ऐकवलं. मी पावती दाखवणार होते. जुन्या घराचं, चार महिन्यांचं, घरमालकाचं, सगळं त्याच्या तोंडावर फेकायचं मी वाटेत ठरवलं होतं. पण परीक्षा कशी झाली हे त्याने विचारलंच नाही. मी चहा टाकेपर्यंत थांबले, चहा गाळेपर्यंत थांबले. कप हातात घेऊन त्याने विचारलं की आज साखर संपली का, कारण साखरेवर सूट चालू आहे. मी पावती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

आठव्या दिवशी काम मिळाल्याचं पत्र आलं. त्याच दिवशी मी चष्म्याच्या दुकानात गेले आणि त्या बाईशी बोलणं केलं. तिने घरमालकाला इंटरनेटचे पैसे द्यायचे नाहीत. त्याने तोंड उघडलंच तर जोडणी कुणाच्या नावावर आहे ते विचारायचं. त्या बदल्यात ती कामावर असते त्या वेळात, साडेनऊ ते दीड, आतली खोली माझी. ती हसली आणि तिथल्या तिथे किल्लीची दुसरी प्रत मला दिली. कामाला बसायचं कुठे हा प्रश्न मला अर्ज करतानाच पडला होता. आमच्या घरात दार असलेली खोली एक आणि तिच्यात सासूबाईंचा टीव्ही. चार तास शांतता मागितली असती तर ती मिळवायला मला चार वर्षं लागली असती.

तेव्हापासून असं चाललंय. घरचं बिल मी भरते, माझ्या पगारातून, काउंटरवर, त्या साठीच्या पुढच्या मंडळींमागे उभी राहून. बाई शिक्का मारतात, मी पावती घेते. नवरा जुन्या घराचं बिल भरतो आणि आपण घर चालवतो असं समजतो. घरी सांगितलंय की मला ऑफिसात जावं लागतं. ऑफिस कुठे आहे हे त्याने आजवर विचारलेलं नाही. पगार कितीय ते मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, आणि तो आपल्या जांभळ्याला जोडून दे, दीडशे रुपये मिळतील, असंही सुचवलं. मी नको म्हटलं. त्याला फार वाईट वाटलं, दीडशे रुपयांचं.

फसवतेय का मी त्याला? हा प्रश्न मला पडतो, अगदीच नाही पडत असं नाही. आणि म्हणूनच परवाची गोष्ट मनातून जात नाही. रविवारी दुपारी तो फोन घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. हे क्वचितच होतं. हिरव्या अ‍ॅपने विचारलं होतं की दर महिन्याचं बिल आपोआप भरून टाकू का. एकदा हो म्हटलं की पुन्हा बघायलाच नको, वर पन्नास रुपये परत. करू का, असं त्याने मला विचारलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पैशाच्या गोष्टीत माझं मत त्याने पहिल्यांदा घेतलं.

पडद्यावर जुन्या घराचा नंबर होता. त्याखाली पत्ता, बारीक पण स्वच्छ अक्षरात. तिसरा मजला असं लिहिलेलं मला माझ्या जागेवरून दिसत होतं. आम्ही तळमजल्यावर बसलो होतो. बाहेर सासूबाई कुणाशी तरी बोलत होत्या त्या थेट खिडकीतून ऐकू येत होत्या.

मला एकदम त्याची कीव आली. वाटलं, हे बरं नाही. एक संधी माणसाला द्यायलाच हवी.

"पत्ता एकदा नीट वाचून घे," मी म्हटलं.

"पत्त्यात काय वाचायचंय?" तो म्हणाला. "आपलंच तर घर आहे." आणि त्याने 'हो' दाबलं.