मोठीमायचे काखेतले हात

मुरमात खुरपं फिरताना होणारा तो कोरडा, करकरीत आवाज आजही कुठे कानी पडला, की श्रावणातली पिवळसर सकाळ आणि उकिडवी बसलेली मोठीमाय एकदमच डोळ्यांपुढे येतात. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. देऊळघाटच्या मळ्यात उभा जन्म वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवलेली बाई. तिच्या हातांना विश्रांती हा शब्दच ठाऊक नव्हता. बोलता बोलता ती समोरच्याच्या बाहीवरची कुसळं वेचायची. मी तेव्हा बुलढाण्यात नव्यानं शिक्षिका झाले होते. ‘तू माझ्या वर्गात आलीस तर पोरींच्या वेण्याही निंदशील,’ असं मी तिला चिडवत असे, आणि तिला ते आवडत असे.

बुलढाण्याच्या कडेचा, घाटाच्या चढावरचा आपला मुरमाड, उजाड बरड तिनं नगरपालिकेला दान दिला, तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. कारण अगदी साधं होतं. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला येणाऱ्या बायांना त्या चढावर घटकाभर टेकायला सावली नव्हती, आणि त्या उन्हाचा चटका तिच्या टाळूनं वर्षानुवर्षं सोसला होता. इथे जंगल व्हावं, एवढंच तिनं मागितलं. पालिकेनंही अट घातली, की तीन पावसाळ्यांत झाडं उभी राहिली नाहीत तर बरडावर खडीची खाण निघेल.

मोठीमायनं जंगल लावलं ते मळ्यासारखंच. दोरी धरून सरळ ओळी आखल्या, कडुनिंबाची रोपं सारख्या अंतरावर बसवली, आणि मग दर आठवड्याला चार बाया घेऊन ती सगळा उतार निंदून काढू लागली. जे ओळीबाहेर उगवलं ते तण, हा तिचा आयुष्यभराचा न्याय होता. दोन पावसाळे असे सरले. बरड सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ झाला आणि तसाच उघडा राहिला. उन्हाळ्यात निंबाचीही बहुतेक रोपं जळाली. वाळकी काडी बोटांत धरून ती बराच वेळ उभी होती. तिला इतकं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या आषाढात मेंढ्या घेऊन वरच्या वाटेनं जाणारे म्हातारे गोमाजी धनगर तिला पाहून थांबले.

“काऊन वो माय, जंगल निंदून राह्यली का?”

“गवत हाय ना भाऊ हे.”

गोमाजींनी तिच्या मुठीतली जुडी घेतली, त्यातून तीन पानांचं एक कोवळं रोप वेगळं केलं. “हा पयस हाय. हे सीताफय. हे हिवर. तू जे उपटून राह्यली, तेच त जंगल हाय.”

त्या दिवशी मोठीमायनं खुरपं धुऊन घरी आढ्याला खोचून ठेवलं. पण हातांचं काय करायचं? ती रोज सकाळी बरडावर जाई, एका दगडावर बसे, आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरी. समोर गवत वाढे, गवताच्या आडोशानं पळस डोकं वर काढी, ऊन त्या ओल्या हिरव्यावर हळूहळू उतरे, आणि तिची बोटं काखेत चुळबुळत राहत. मी विचारलं, “मोठीमाय, हात काऊन असे धरले?”

“मोकये सोडले त कामाले लागतीन वो,” ती म्हणाली.

पावसाळा सरता सरता पालिकेचे सभासद पाहणीला आले. उतारावर गुडघ्याएवढं, कुठे कमरेएवढं हिरवं रान माजलं होतं, आणि त्यात तिची जेमतेम अकरा निंबं ओळीनं उभी होती. अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं, “बाई, हे सगळं तुम्ही लावलं?” एक ‘हो’ म्हटलं असतं तर विषय संपला असता. माझा जीव टांगणीला लागला.

“नाही जी,” मोठीमाय म्हणाली, “हे म्या उपटलं नाही.”

अध्यक्ष हसले, मग हसू आवरून त्यांनी त्या रानाकडे पुन्हा एकदा पाहिलं, आणि कागदावर लिहिलं: झाडे उभी आहेत.

आता मोठीमाय नाही. घाट चढणाऱ्या बायाही आता गाडीनं येतात. पण त्या रानात पळस फुलतो, सीताफळं पिकतात, पाखरं भांडतात, आणि मधेच ती अकरा निंबांची शिस्तीतली ओळ वर्गात उभ्या केलेल्या मुलींसारखी दिसते. मी तिच्या दगडावर बसते. पायाशी काही उगवलेलं दिसलं की माझाही हात पुढे होतो. तिला रोज ठरवून आठवायचं, असं मी फार दिवस केलं. आता करत नाही. हात काखेत धरून नुसती बसते, आणि ती आपली आपण उगवून येते.