थांबलेलं पाणी

श्यामलालला त्या पेटीची पहिल्या दिवसापासून धास्ती होती. अर्धं आयुष्य तलावात जाळी टाकण्यात गेलं आणि चाळिशीत भंडाऱ्याजवळच्या एका कॉलनीत पोहण्याचा हौद सांभाळायची नोकरी लागली. पंच्याऐंशी साली कॉलनीच्या साहेबांनी ब्लीचिंग पावडर बंद करून ही पेटी बसवली. हौदात मीठ टाकायचं आणि ते खारं पाणी पंपाने पेटीतून फिरवायचं. आतल्या पत्र्यांना वीज मिळाली की मिठातून क्लोरीन निघतो, जंतू मारतो आणि त्याचं पुन्हा मीठ होतं. "पंप बंद करायचा तर आधी पेटी बंद," साहेब तीनदा म्हणाले. पण पाणी आणि वीज एकत्र म्हटल्यावरच श्यामलालची बोबडी वळली होती. पुढचं त्याच्या डोक्यात कुठलं शिरायला!

वैशाखातल्या वावटळीने हौद गढूळ झाला. गढूळ पाणी हलवायचं नाही, गाळ बसू द्यायचा, हे ढिवराच्या लेकराला शिकवावं लागत नाही. त्याने पंप बंद केला. पेटीला हात लावायची हिंमत नव्हती, ती तशीच सुरू राहिली.

दोन तासांनी पाणी निवळलं. त्याची बायको सखाबाई तिथेच झाडलोटीला होती. ती कमरेइतक्या पाण्यात उतरून, पेटीतलं पाणी हौदात येतं त्या नळाच्या तोंडाशी फरश्या घासू लागली. श्यामलालने खोलीत जाऊन पंप सुरू केला, आणि पेटीवरचा दिवा त्याला जळताना दिसला. साहेबांचं बोलणं आता शब्दनशब्द आठवलं. दोन तास कोंडलेला वायू पाण्याबरोबर निघाला होता.

"सखे, भाईर ये," तो ओरडत धावला.

"कायले?" ती म्हणाली, तोच तिच्या तोंडासमोर पाणी बुडबुडलं. ती छाती धरून पाण्यात कोसळली. श्यामलालने श्वास रोखून उडी मारली आणि तिला ओढून काढलं. तिचा घसा घरघरत होता.

तिसऱ्या दिवशी साहेब दवाखान्यात आले. "पंप कोणी बंद केला होता?"

श्यामलाल सखाबाईच्या अंगावरचं पांघरूण नीट करू लागला.

"मी, साहेब," खाटेवरून सखाबाई म्हणाली. "ह्यायले मालूमच नव्हतं." खोकल्याने तिला पुढे बोलता येईना.

"मग तू आता कामावर येऊ नकोस," साहेब म्हणाले आणि निघाले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. साहेबांची जीप फाटकाबाहेर जाईपर्यंत तो 'मी' हा एवढासा शब्द तोंडात धरून उभा राहिला, आणि तो शब्द काही बाहेर पडला नाही.