जळालेल्या खोल्यांची ऊब

ऑर्फाबाई लिंडक्विस्ट यांना या माणसांचा अगदी वीट आला होता. मिनेसोटातल्या त्यांच्या अवाढव्य घराच्या खोल्या गरम ठेवणारा जुना बॉयलर गळायला लागला होता आणि नवा सुचवायला आलेला हा तिसरा मिस्त्री. आधीच्या दोघांसारखाच हाही तडक तळघरात उतरला, बॉयलरवरची त्याची ताकद लिहिलेली पट्टी बॅटरी मारून वाचली आणि च्युइंगगम चघळत म्हणाला, "बाई, एवढाच मोठा लागेल. आंघोळीचं पाणीही त्यावरच तापेल."

"खोल्या मोजल्यास? खिडक्या बघितल्यास? घरात आंघोळ करणारी माणसं किती, ते तरी विचारलंस?"

"काय गरज? पट्टीवर आकडा आहे की! तीस वर्षं आम्ही असेच बसवतोय."

"त्याचीच तर शिसारी येते मला. चल वर!"

बाईंनी त्याला दंडाला धरून मागच्या दाराशी नेलं आणि दार सताड उघडलं. बाहेर कमरेएवढा बर्फ साचला होता आणि त्यातून एक काळं धुराडं तेवढं वर आलं होतं.

"हा बॉयलर बसवला तेव्हा इथे आणखी बारा खोल्या होत्या. सत्त्याहत्तर साली जळून खाक झाल्या. त्यांना मिळायची ती ऊब तेव्हाच मिळाली, बाबा!"