अक्काची बंदूक

प्रेमराजला पिस्तुलाचा परवाना नाकारला, त्याला आता वर्ष होत आलं. पण ते पत्र त्याने अजून फाडलेलं नाही. 'अर्जदाराच्या जीवितास धोका असल्याचे आढळून येत नाही', एवढं एकच वाक्य. आता तुम्हीच सांगा, पारोळ्यात मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवणाऱ्या माणसाला सरकारने लेखी कळवावं की बाबा रे, तुला मारावं असं कोणालाच वाटत नाही, तर त्याचं काय होईल? अंगाचा नुसता तिळपापड झाला त्याच्या.

धोका तसा होता. बोरी नदीतून वाळू उपसणाऱ्या ट्रॅक्टरांची त्याने एकदा बातमी केली, आणि दुसऱ्याच दिवशी वाळूवाल्या पुना नानाचा फोन आला. नाना ओरडला नाही की शिवी दिली नाही. मुलगी कोणत्या शाळेत जाते आणि तिचा रिक्षावाला कोण, एवढंच त्याने विचारलं. प्रेमराजची पाचावर धारण बसली. त्याने पिस्तुलासाठी अर्ज केला आणि उत्तर येईपर्यंत वाळूबद्दल अवाक्षर लिहायचं नाही असं ठरवलं. उत्तर आलं ते असं. पुढे दिवाळीत नानाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा त्याच्याच चॅनेलवर तीन दिवस झळकल्या, आणि वाळूची दुसरी बातमी काही झाली नाही. हे तो कोणाला सांगत नसे.

तर अशात निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहिता लागली की परवाना असलेल्यांनी आपापल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकाल लागला की परत आणायच्या. त्यासाठी यादी निघते. नाव, गाव, घराचा पत्ता, मोबाइल, हत्यार कोणतं, सगळं त्यात. ही यादी ह्याच्या मोबाइलवरून त्याच्या मोबाइलवर असं करत प्रेमराजच्या हातात पडली. त्याने ती वाचली आणि त्याचा जळफळाट झाला. ज्याला घरातला उंदीर मारता येत नाही त्याच्याकडे रिव्हॉल्वर! जो गेली चार वर्षं पुण्याला राहतो त्याच्याकडे बारा बोअर! मग आपल्याच जिवाला तेवढा धोका नाही होय?

त्याच दुपारी त्याने यादी जशीच्या तशी चॅनेलवर टाकली. 'कोणाच्या घरात काय? पारोळा तालुक्याची संपूर्ण यादी.' वर 'जनतेला जाणून घेण्याचा हक्क' वगैरे चार ओळी जोडल्या. संध्याकाळपर्यंत सगळा तालुका ती यादी वाचत होता. लोकांना बंदुकीत काडीचा रस नसतो, शेजाऱ्याकडे काय आहे ह्यात असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापसाचे व्यापारी भिकमचंदशेठ स्वतः त्याच्या दारात आले. सत्तरीचा, कधी आवाज न चढवणारा माणूस. आत आले, बसले नाहीत. म्हणाले, पेढीवरून एकटा घरी येताना एकदा दोघांनी अडवलं होतं, तेव्हा रिव्हॉल्वर घेतलं, ते घरात सुनांनासुद्धा माहीत नव्हतं. आता गल्लीतली माणसं दाखवा म्हणतात. ज्यांना ते हवंच आहे त्यांना तुम्ही कपाटापर्यंतचा पत्ता दिलात, आणि ज्यांना मला अडवायचं आहे त्यांना हेही कळलं की निकाल लागेपर्यंत ते कपाटात नाही. प्रेमराजने त्यांना पारदर्शकतेवर भाषण दिलं. खरंच दिलं, पाच मिनिटं. भिकमचंदशेठनी ऐकून घेतलं, चप्पल घातली आणि निघून गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्या यादीखाली कोणीतरी एक टोला हाणला. 'भाऊ, मागच्या निवडणुकीला तुम्हीच निंबवेलच्या अक्काची बातमी लावली होती ना? यादीत तर तिचं नावच नाही. खोटं तेव्हा छापलं की आता?' आणि खाली प्रेमराजचीच जुनी बातमी चिकटवलेली.

ही अक्का म्हणजे यशोदाबाई. निंबवेल हे प्रेमराजचं आजोळ, आणि लहानपणी सुटीत तो तिच्या मळ्यात भुईमुगाच्या शेंगा खाऊन मोठा झालेला. तिचा नवरा सुपडू आबा रानडुकरांसाठी बारा बोअरची बंदूक बाळगून असे. आबा गेले त्याला दहा वर्षं झाली. मुलगी सुरतेला दिलेली, म्हातारी शेतातल्या घरात एकटी. आणि शेत कुठे, तर नेमकं नदी आणि डांबरी रस्ता ह्यांच्या मध्ये. वाळूच्या ट्रॅक्टरांना तिच्या शेतातून गेलं की पाच मिनिटांत रस्ता लागतो, नाहीतर गावाला मोठा वळसा. पण दहा वर्षांत एका ट्रॅक्टरचं चाक तिच्या बांधाला लागलं नव्हतं. का, तर अक्का बांधावर बसायची आणि तिच्या मांडीवर बंदुकीची लांब, खाकी खोळ असायची.

दर निवडणुकीला ती खोळ खांद्यावर घेऊन ती गावातून चालत निघायची, थांब्यावर यायची आणि एसटीने पारोळ्याला जायची. अक्का चालली बंदूक जमा करायला, असं म्हणत सगळं गाव बघायचं. थांब्यावरची माणसं उठून तिला जागा द्यायची. मागच्या वेळी प्रेमराज तिथेच भेटला आणि त्याने फोटो काढला. तिने पदर ओढला, हात आडवा केला, "नको रे भाऊ, फोटो नको," असं दोनदा म्हणाली. त्याला वाटलं, म्हातारी लाजते. त्याने बातमी लावली: 'वय बहात्तर, तरी कायद्याचा मान!'

आता तीच बातमी कोणीतरी त्याच्या तोंडावर मारली होती. प्रेमराजने यादी वरपासून खालपर्यंत तपासली. निंबवेलचं एकही नाव नाही. आता एक फोन करायचा होता. अक्काच्या शेजाऱ्याचा नंबर त्याच्याकडे होता, दोन मिनिटांचं काम. पण खोटारडा म्हटल्यावर माणसाला दोन मिनिटंही कुठे धीर धरवतो? त्याने ठोकून दिलं: 'यादी शंभर टक्के अचूक आहे. निंबवेल गावात एकाही व्यक्तीकडे बंदुकीचा परवाना नाही. जुनी बातमी गावकऱ्यांच्या माहितीवर आधारित होती.' खाली अंगठ्यांचा पाऊस पडला, आणि प्रेमराजने छाती फुगवून चहा घेतला.

अकराव्या दिवशी त्याच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. पाठवणारा भटू, निंबवेलचाच पोरगा, पुना नानाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. सोबत लिहिलेलं: 'भाऊ, लावा चॅनेलवर. भारी चालेल.'

दिवसाउजेडी अक्काचा बांध. समोर ट्रॅक्टर घुरघुरत उभा. अक्का बांधावर बसलेली, मांडीवर खोळ, दोन्ही हात खोळीवर. भटू खाली उतरतो आणि हसत म्हणतो, अक्का, काढ की बंदूक, झाड गोळी. तो खोळीचं टोक धरतो. ती सोडत नाही. तो ओढतो, आणि ती खोळीबरोबर ओढली जाऊन गुडघ्यांवर येते. मग तो बंद सोडतो आणि आतलं बाहेर काढतो. आत मुसळ असतं. घरातलं, कांडणाचं, खाली वसवीचं लोखंडी कडं असलेलं मुसळ. तो ते खांद्याला लावून नेम धरतो, आणि मोबाइल धरणाऱ्यासकट सगळे हसत सुटतात. शेवटी ट्रॅक्टर कपाशीत घुसतो, आणि अक्का गुडघ्यांवर बसल्या बसल्या खोळीची माती झटकताना दिसते.

प्रेमराजने तो व्हिडिओ एकदाच पाहिला. त्याला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर तो आडवा केलेला हात. नको रे भाऊ, फोटो नको.

त्याने यादी काढून टाकली, ते उत्तरही काढून टाकलं. पण त्याने काय होणार होतं? यादी गावागावांतल्या ग्रुपमध्ये केव्हाच पोहोचली होती, आणि जिथे पोहोचायला नको होती त्या बांधावरही पोहोचली होती. त्याने गाडीला किक मारली आणि निंबवेलला निघाला. वाटेत दोनदा त्याला वाटलं, परत फिरावं. तिला मोबाइल वाचता येत नाही, यादी कोणी टाकली हे तिला कळणारही नाही. अशा वेळी मनाला असलं काही सुचतं, आणि त्याचीही लाज वाटते.

शेतातून दोन खोल चाकोऱ्या गेल्या होत्या. त्यांच्यामधली आणि आजूबाजूची कपाशी, बोंडं धरलेली, आडवी झालेली. अक्का घरासमोर खाटेवर बसली होती. एका मनगटाला हळद लावून फडकं बांधलेलं. मुसळ भिंतीला टेकवलेलं, आणि खोळ धुऊन दोरीवर वाळत घातलेली. त्याला बघून तिचं तोंड एकदम उजळलं. ये भाऊ, म्हणाली, मी तुझीच आठवण काढत होते. आत जाऊन एका हाताने पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्याने तो तसाच खाली ठेवला.

मग तिने आपणहून सगळं सांगितलं. आबा गेले त्याच महिन्यात तिने बंदूक पोलीस ठाण्यात देऊन टाकली होती. तिला ती उचलतासुद्धा येत नव्हती. पण खोळ घरात राहिली, आणि वाळूचे ट्रॅक्टर यायला लागले तेव्हा तिला ती सुचली. निवडणूक आली की ती खोळ खांद्यावर टाकून पारोळ्याला जायची, बहिणीच्या घरी ठेवायची, आणि निकाल लागला की परत घेऊन यायची. ह्या खेपेला ती निघायच्या आधीच भटू बांधावर आला. दहा वर्षांत कोणाला काही मागितलं नाही, कोणाचं वाईट केलं नाही, एवढंच केलं, असं ती म्हणाली. आता जळगावच्या कोण्या मोठ्या साहेबाने मोबाइलवर यादी टाकली म्हणतात. प्रेमराज खाली मान घालून ऐकत होता.

"भाऊ, तुन्हं लिखेल लोके खरं मानतस," ती म्हणाली. "एकडाव लिखी टाक, यादीमा चूक व्हती. अक्काजोडे बंदूक शे."

तिने हे इतक्या विश्वासाने म्हटलं की प्रेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुसळाचा व्हिडिओ मोबाइलवर फिरतोय हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. शेवटी त्याला तेवढं तरी बोलावंच लागलं.

"अक्का, ती यादी मीच टाकेल शे. तुन्हं नाव त्यामा नही, हाई बी मीच लिखं."

मनगटावरचं सुटलेलं फडकं अक्काने दातात धरून पुन्हा बांधलं. तो तिच्या पाया पडायला वाकला, तर तिने पाय खाटेखाली घेतले.

"खोळमा काय शे, तुले माहीत व्हतं?"

"नही."

"मंग इचारं काबर नही?"

कोणीतरी खोटारडा म्हटलं म्हणून, असं सांगायचं? तो म्हणाला, अक्का, मी भरपाई करतो, तलाठ्याला आणतो, पंचनामा करायला लावतो. ती ऐकतच नव्हती. ती नदीकडे बघत होती. तिकडून ट्रॅक्टरांचा आवाज येऊ लागला होता. रोज ह्याच वेळेला येतात, असं ती म्हणाली आणि उठून बांधाकडे चालू लागली. प्रेमराज तिच्या मागे गेला. खोळ दोरीवरच राहिली.

एकामागे एक चार ट्रॅक्टर होते, वाळूने शिगोशीग भरलेले. पहिल्यावर भटू. ट्रॉल्यांना नंबर नव्हते, पण समोर लावलेला भगवा गोंडा आणि बॉनेटवरचं पुना नानाचं नाव प्रेमराजला दुरूनही ओळखू आलं. चॅनेलवरच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर हेच नाव होतं, मोठ्या अक्षरांत. अक्षरं त्यानेच निवडली होती.

"मनाजोडे बंदूक नही, हाई तू लिखं," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आते हाऊ ट्रॅक्टर कोना शे, ते बी लिख."

प्रेमराजने खिशातून मोबाइल काढला. कॅमेरा सुरू केला, समोर धरला. छोट्याशा चौकटीत भटू दिसत होता, मागचे तिन्ही ट्रॅक्टर दिसत होते, बॉनेटवरचं नाव दिसत होतं, आणि खाली आडवी कपाशी. एक बोट तेवढं दाबायचं होतं. त्याला मुलीची रिक्षा आठवली. आता ती दुसऱ्या शाळेत जात होती, पण शाळा शोधायला नानाला किती वेळ लागणार? बोट तसंच वर राहिलं. ट्रॅक्टर जवळ आले, चाकांखाली बोंडं फुटल्याचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि त्याने मोबाइल हळूच खिशात टाकला.

अक्काने ते पाहिलं. पदर सावरून ती बांधावरून बाजूला झाली, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा तिने आपणहून वाट दिली. प्रेमराजही तिच्या शेजारी जाऊन बाजूला उभा राहिला.

पहिला ट्रॅक्टर त्यांच्यासमोरून गेला. भटूने मान वळवली, ओळखलं, हसला आणि मोठ्याने म्हणाला, राम राम भाऊ. आणि प्रेमराजचा हात, रोज चौकात जातो तसा, नमस्कारासाठी वर गेला.