फुलायचा खांब

“याले इचारलं कोनी?” टेम्पोतून उतरवलेल्या सागाच्या ओंडक्यावर बोट वाजवत देवमन कासदेकरनं विचारलं.

“आबा, लाकडाले काय इचाराचं? आरागिरणीतून आणलं,” नितेश म्हणाला.

“लाकडाले नाई, झाडाले. तोडाच्या आदल्या सांजेले हळदीचे तांदूळ देऊन. कोरकूचं पोट्टं हायेस नं तू?”

नितेशची बायको चंदा लेकीला, पायलला, कडेवर घेऊन दारात उभी होती. सासू फुलाय, देवमनची बायको, जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या नावाचा मुंडा, सागाचा स्मृतिखांब, कोरून गावाबाहेर रोवला, की मगच ती पूर्वजांत मिळणार होती. मेळघाटात होते तोवर साऱ्या गावाचे मुंडे देवमननंच कोरले. मग गाव जंगलातून उठून अकोटजवळच्या काळ्या मातीत आलं. इथं नजर जाईल तिथवर कपाशी. विचारायला साग नाही. पाहुण्यांना सांगावा गेला होता, आणि मुंड्याला लाकूड नव्हतं.

ओंडका परसात तसाच पडून राहिला. देवमन रोज पटाशीला धार लावायचा आणि परत फडक्यात गुंडाळून ठेवायचा.

चंदा बी.ए. झालेली, पण पायल झाल्यापासून तिच्या जिवाला सारखा घोर. ओसरीच्या दोन खांबांना बांधलेल्या झोळीची गाठ ती येता-जाता चाचपायची. एका दुपारी चाचपताना बोट खाचेत गेलं. हा खांब जुन्या घराचा. देवमनच्या बापानं झाडाला विचारून तोडलेला, देवमननं हट्टानं इथवर आणलेला. फुलायनं चार पोरं आणि शेवटी ही नात याच खांबाला झोळी बांधून जोजवली होती. दोरीनं घासून घासून लाकडात गोल खाच पडली होती.

“आबा, हा खांब घ्या.”

देवमननं वर पाहिलं. “अन् पोरीवर टिनं पडले तं?”

“लोखंडी पाइप लावू. भेव तं वाटूनच राहिलं मले. तरी घ्या.”

संध्याकाळी त्यानं खांबाच्या बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवले, ओठातल्या ओठात काही बोलला.

“मंग? काय म्हंते खांब?” नितेशनं डिवचलं.

“हो म्हंते. तुह्यावानी आढेवेढे नाई घेत.”

पाइप लागला, खांब निघाला. देवमन अंगणात बसला. ना पेन्सिल, ना पट्टी. अंगठ्यानं लाकूड चाचपायचा, मग पटाशी लावायचा. लाकडावर सूर्य उगवला, शेजारी चंद्राची कोर आली; खाली घोडा आणि स्वार यायचे होते. सालपं उडत होती, पायल रांगत त्यांच्यात गेली, तरी चंदाचं लक्ष नव्हतं. ती त्या म्हाताऱ्या हातांकडेच बघत राहिली.

पटाशी खाचेपाशी आली.

“हे तासून टाका आबा,” नितेश म्हणाला. “घोडा सपाट येईन.”

“हे तिनं कोरलं,” देवमन म्हणाला. “मी काहून पुसू?”

घोडा आणि स्वार त्यानं खाचेच्या खाली घेतले.

ढोल वाजले, पाहुणे नाचले, जेवले. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली फुलायचा मुंडा उभा राहिला. पायल नव्या झोळीत आधी कुरकुरली, मग रुळली.

कपाशी वेचणीला आली तेव्हा एका दुपारी चंदानं सवयीनं गाठ चाचपली. दोरीखाली पाइपाचा निळा रंग उडायला लागला होता.

तिनं गाठ तिथंच राहू दिली आणि झोका दिला.